रथक्षोभ आणि पिकअप गाडी : महामार्गावरील धक्के कमी कसे करावेत?

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अखेरच्या अध्यायात, पंचकर्मानंतर रुग्ण प्रकृतिस्थ होईपर्यंत त्याने वर्ज्य करावयाचे आठ महादोषकर भाव सांगितले आहेत. मोठ्याने बोलणे, अतिचंक्रमण, अत्यासन, अजीर्ण असता भोजन, अहित भोजन, दिवास्वाप आणि मैथुन यांच्याच पंक्तीत आचार्यांनी ‘रथक्षोभ’ ठेवला आहे. रथक्षोभ म्हणजे वाहनाचे हादरे. त्यापासून होणाऱ्या विकारांची यादीही तेथे आहे : सांध्यांचे शैथिल्य, हनु-कर्ण-शिर यांचा शूल, कुक्षिक्षोभ, आटोप, आंत्रकूजन, आध्मान, स्फिक्-पार्श्व-वंक्षण-कटी-पृष्ठ येथील वेदना, स्कंध व ग्रीवा यांचे दौर्बल्य, पादशोफ इत्यादी. स्नेह-स्वेदादी वातहर कर्म आणि निदानवर्जन ही त्यावरील चिकित्साही सांगितली आहे.

यांपैकी पहिला भाग आपण वैद्य मंडळी नित्य आचरतो. कटिशूलाच्या रुग्णास अभ्यंग, स्वेदन, कटिबस्ती देतो. दुसरा भाग मात्र बहुधा ‘प्रवास कमी करा’ एवढ्या उपदेशावर संपतो. ज्याचे पोटच गाडी चालविण्यावर आहे, त्याला हा उपदेश निरुपयोगी ठरतो. वर्धा जिल्ह्यातील औषधालयांचा माल, वनौषधींची पोती, तेलाचे डबे, शिबिरांचे साहित्य आज मुख्यत्वे पिकअप गाडीतून जाते. रथ टाळता येत नसेल तर रथाचा क्षोभ कमी करावा, हेच त्याचे निदानवर्जन होय. हा क्षोभ पुष्कळ अंशी कमी करता येतो, आणि त्यासाठी लागणारा खर्च बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा थोडा असतो. कोणत्या क्रमाने काय करावे, याचा विचार या लेखात करीत आहोत.

रिकामी गाडी अधिक का उसळते?

पिकअप चालविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे की भरलेली गाडी ‘बसून’ चालते आणि रिकामी गाडी उडते. यामागील कारण समजल्याशिवाय उपाय समजणार नाही.

महिंद्र बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त या जातीच्या गाड्या एक टन किंवा त्याहून अधिक माल वाहण्यासाठी बांधलेल्या आहेत. पुढील बाजूस काही गाड्यांना गुंडाळीचे स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असतात, काहींना पाटे असतात. मागील बाजूस मात्र पोलादी पाट्यांची जुडीच असते. पूर्ण भार सोसावा म्हणून हे पाटे मुद्दाम कडक ठेवलेले असतात. गाडीची उसळण्याची गती पाट्यांचा कडकपणा आणि त्यांच्यावरील वजन या दोहोंवर ठरते. याचे एक सोपे गणित आहे. वजनाने पाटा १० सेंटीमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला साधारण दीड झोका घेते. तोच पाटा अडीच सेंटीमीटरच दबत असेल, तर झोके सेकंदाला तीनपर्यंत जातात. वजन चौपट कमी झाले की झोक्यांची गती दुप्पट होते.

मनुष्य चालताना सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. शरीराला त्या लयीची सवय असते, म्हणून सेकंदाला एक ते दीड संथ झोके त्रासदायक वाटत नाहीत. प्रवासी मोटारी त्याच बेताने बांधतात. याउलट सेकंदाला चार ते आठ या गतीची उभी कंपने बसलेल्या माणसास सर्वांत अधिक जाचतात, असे कंपनमापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकांतही मान्य झाले आहे. या गतीला धड व उदरातील अवयव धक्क्यांबरोबर स्वतःही डोलू लागतात आणि पाठीच्या कण्यावरील ताण वाढतो. कुक्षिक्षोभ आणि कटी-पृष्ठवेदना ही लक्षणे आचार्यांनी एकत्र का सांगितली असावीत, याचा एक उलगडा येथे होतो.

आता आपल्या व्यवसायाची गोष्ट पाहावी. दीड टनाच्या गाडीत आसवांची व चूर्णांची दोन-तीनशे किलोची खोकी भरून गाडी नागपूरहून वर्ध्यास येते. हौदा भरलेला दिसतो, पण पाट्यांच्या दृष्टीने गाडी जवळजवळ रिकामीच असते. औषधालयाचा माल आकाराने मोठा व वजनाने हलका असल्याने हा त्रास किराणा वा सिमेंट वाहणाऱ्यांपेक्षा आपल्या वाट्याला अधिक येतो.

जिल्ह्यातील रस्ते : दोन प्रकारचा क्षोभ

वर्धा जिल्ह्यात रस्त्यांमुळे येणारे हादरे मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तडकते. तिच्यावरून जाणारा डांबरी रस्ता पुरेशा पायाभरणीअभावी काही वर्षांत लाटांसारखा होतो. आर्वी, देवळी, समुद्रपूर भागांतील आतील रस्त्यांवर याचा अनुभव येतो. येथे गाडी खालीवर हेलकावते, पुढचे टोक उठते तेव्हा मागचे बसते. हा दीर्घ व संथ क्षोभ होय.

दुसरा प्रकार सिमेंट काँक्रीटच्या रस्त्याचा. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. आपल्या जिल्ह्यात तो सेलू, वर्धा व आर्वी तालुक्यांतून जातो. काँक्रीटला तडे जाऊ नयेत म्हणून अशा रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे ठेवतात. म्हणजे किलोमीटरला सव्वादोनशेच्या आसपास सांधे झाले. रस्ता दिसावयास गुळगुळीत, पण सांधा किंचित उंचसखल असला तरी कडक पाट्यांच्या रिकाम्या गाडीला तो ‘टक्-टक्’ असा जाणवतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच सांधे ओलांडते. हीच ती चार ते आठ या टप्प्यातील जाचक गती. वेग ६० वर आणला की सांधे सेकंदाला पावणेचारच्या आत येतात आणि कंपन त्या टप्प्याच्या खाली उतरते. वेग थोडा बदलल्याने ‘गाडी एकदम शांत झाली’ असे चालक सांगतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

नागपूर-हैदराबाद (पूर्वीचा क्रमांक ७, आता ४४) हा मार्ग जाम व हिंगणघाटवरून जातो, तर नागपूर-अमरावती (पूर्वीचा ६, आता ५३) कारंजा घाडगे व तळेगाववरून. महामार्ग सोडून गाव गाठताना त्याच गाडीला तासाभरात दोन्ही प्रकारचा क्षोभ सोसावा लागतो. म्हणून एकच रामबाण उपाय शोधण्यात अर्थ नाही.

लक्षणांवरून निदान

रोग्याप्रमाणे गाडीतही सापेक्ष निदान करावे. सर्व हादरे सारखे नसतात.

१. चांगल्या रस्त्यावरही ठरावीक वेगाला, उदाहरणार्थ ताशी ७० ते ८० च्या दरम्यान, स्टिअरिंग थरथरते व वेग बदलताच थांबते : चाकांचे बॅलन्सिंग बिघडले आहे, रिम वाकली आहे किंवा टायर फुगला आहे. त्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे नऊ-दहा फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यास एक ठोका बसतो.

२. खड्डा ओलांडल्यावरही गाडी दोन-तीनदा डोलत राहते, वळणावर झुकते : शॉक ॲब्झॉर्बर निकामी झाले आहेत.

३. लहानसहान सांध्यावरही कडक ठोका बसतो, पण डोलणे नाही : हवा जास्त आहे, भार फार कमी आहे किंवा पाटे गंजून एकमेकांस चिकटले आहेत.

४. खडखड, करकर आवाज येतो : पाट्यांच्या डोळ्यांतील बुश, शॅकल अथवा शॉकची रबरे झिजली आहेत.

५. भरलेली गाडी खड्ड्यात ‘धाडकन्’ आदळते : भार अधिक झाला आहे, पाटा तुटला आहे किंवा चॅसिसखालील रबरी ठोकळा नाहीसा झाला आहे.

एवढे सांगून गाडी कारागिराकडे नेली तर निम्मे काम झाले असे समजावे. ‘गाडी उडते, काहीतरी करा’ एवढेच सांगितल्यास बहुधा नको तो भाग बदलला जातो.

उपायांचा क्रम

प्रथम हवा. हा उपाय जवळजवळ फुकट आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत टायरमधील हवेचे आकडे दिलेले असतात. पुष्कळ गाड्यांत रिकाम्या व भरलेल्या अवस्थेसाठी ते निरनिराळे असतात. हवा भरणारा मुलगा मागच्या टायरांत नेहमी पूर्ण भाराची हवा भरून देतो आणि गाडी वर्षभर अर्धी रिकामी धावते. निर्मात्याने रिकाम्या अवस्थेसाठी कमी आकडा दिला असेल तर हलक्या फेरीस तोच ठेवावा. त्याहून खाली मात्र कदापि जाऊ नये. कमी हवेचा टायर वेगात वारंवार दुमडतो, आतून तापतो आणि फुटतो. आपल्याकडील मे महिन्याच्या उन्हात काँक्रीटवर हा धोका अधिक. हवा सकाळी, गाडी चालण्यापूर्वी तपासावी. ३० अंशांचा टायर धावून ६० अंशांवर गेला तर ६० पौंडांची हवा सुमारे ७ पौंडांनी वाढलेली दिसते. ती वाढ स्वाभाविक असून गृहीत धरलेली असते. वाटेत थांबून ती काढून टाकणे म्हणजे टायर थंड झाल्यावर अपुऱ्या हवेवर गाडी चालविणे होय.

दुसरा उपाय भाराची मांडणी. जड माल मागच्या आसाच्या थोडा पुढे, हौद्याच्या तळाशी ठेवावा. फाळक्याजवळ, आसाच्या मागे जड डबे ठेवल्यास पुढची चाके हलकी होतात, गाडी तराजूसारखी झुलते व स्टिअरिंगवरील ताबा कमी होतो. औषधालयांनी आठवड्यात तीन हलक्या फेऱ्यांऐवजी एक भरीव फेरी आखली, किंवा शेजारच्या दोन-तीन दुकानांनी माल एकत्र मागविला, तर इंधन वाचते आणि गाडीही बसून चालते. केवळ गाडी दाबण्यासाठी दगड वा सैल रेतीची पोती टाकू नयेत. जोराने ब्रेक दाबताच ती केबिनवर येतात.

तिसरा उपाय शॉक ॲब्झॉर्बर. पाटा धक्का झेलतो, पण झेललेला धक्का शमविण्याचे काम शॉकचे. तो हालचालीचे उष्णतेत रूपांतर करून डोलणे थांबवितो. मोटारीचा कोपरा हाताने दाबून पाहण्याची परीक्षा पिकअपच्या मागच्या बाजूस फारशी लागू पडत नाही, कारण पाटे हाताने दबतच नाहीत. म्हणून शॉकच्या नळीवर तेल पाझरले आहे काय, रबरे शाबूत आहेत काय आणि टायरची झीज जागोजागी खोलगट झाली आहे काय, हे पाहावे. शॉक बदलावयाचे तर एका आसावरील दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा व एक जुना असता गाडी तिरकी वागते.

चौथा उपाय पाटे व बुश. पाट्यांच्या जुडीत पाने एकमेकांवर सरकतात तेव्हाच ती मऊपणे काम करते. पावसाळ्यातील चिखल व गंज यांमुळे सरकणे थांबते आणि जुडी एका जाड पट्टीसारखी कडक होते. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, जुडी साफ करून घ्यावी. वंगण लावावे की नाही, हे गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवावे, कारण पानांमध्ये जेथे रबरी वा प्लास्टिकच्या चकत्या असतात तेथे तेल-ग्रीस घातल्यास त्या खराब होतात. रबरी बुशांनाही तेल लावू नये. झिजलेले बुश बदलणे हा थोड्या खर्चाचा उपाय असून त्याचा गुण लगेच जाणवतो. यू-बोल्ट ढिले झाले असल्यास कसून घ्यावेत. ढिल्या बोल्टमुळे मधला बोल्ट तुटून आसच सरकू शकतो.

पाचवा उपाय आसन. गाडीचे सर्व काही ठीक असूनही चालकाच्या बैठकीतील फोम दबून लोखंड लागत असेल तर सारे व्यर्थ. अति मऊ गादीही कामाची नाही. ती प्रत्येक धक्क्याला तळाशी बसते. मध्यम घट्ट फोम, कमरेच्या खोबणीस आधार, आणि क्लच पूर्ण दाबताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढे अंतर असावे.

काय करू नये

गाडी मऊ करण्यासाठी जुडीतील एखादा पाटा काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. हलक्या मालासाठी तो काही दिवस गुणकारी वाटतो. परंतु ज्या दिवशी कारखान्यातून पूर्ण भार भरला जातो, त्या दिवशी उरलेल्या पाट्यांवर मर्यादेबाहेर ताण पडतो, पाटा तुटतो, आणि तो महामार्गावर वेगात तुटला तर गाडी हातची जाते. निर्मात्याने ठरविलेल्या रचनेत परवानगीवाचून बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण उभी राहते ती निराळीच. त्याचप्रमाणे मालवाहू टायरांच्या जागी प्रवासी मोटारीचे मऊ टायर बसविणे टाळावे. त्यांची भार वाहण्याची क्षमता तेवढी नसते. तात्कालिक उपशय आणि रोगनाश यांतील भेद आपल्या वाचकांस वेगळा सांगण्याची गरज नाही.

माल आणि माणूस

हादऱ्यांचा परिणाम औषधांवरही होतो. भरडीच्या काढ्यात जाड तुकडे व बारीक भुकटी एकत्र असल्यास दीर्घ कंपनाने बारीक भाग तळाशी जातो व जाड वर येतो. पोत्याच्या वरच्या भागातून दिलेली मात्रा आणि तळातून दिलेली मात्रा मग सारखी राहत नाही. म्हणून असा माल लहान पुड्यांत बांधून आणावा किंवा उतरविल्यावर नीट मिसळून घ्यावा. पूर्ण न मुरलेल्या आसवारिष्टात उरलेला वायू हिंदकळण्याने व उष्णतेने बाहेर पडतो, झाकणे सैल होतात. काचेच्या बाटल्या उभ्या, पुठ्ठ्याच्या कप्प्यांत, आसाच्या पुढे व तळाशी ठेवाव्यात आणि खोकी दोरीने जखडावीत. सैल खोके रस्त्याचा एक धक्का दोनदा खाते : एकदा उडताना आणि एकदा पडताना.

माणसांविषयी दोन गोष्टी आग्रहाने सांगावयाच्या आहेत. शिबिरासाठी जाताना सेवकांना हौद्यात बसविण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. ती बेकायदा तर आहेच, शिवाय मागच्या आसावर व त्याच्या मागे धक्का सर्वांत तीव्र असतो. दुसरी गोष्ट रुग्णांची. विरेचन वा बस्तीनंतर रुग्ण गावाकडे परत जाताना मिळेल त्या वाहनाने जातो, आणि ते वाहन पुष्कळदा पिकअप असते. अष्ट महादोषकर भावांत ज्याची गणना आहे, तेच आपण उपचारानंतर तासाभरात घडू देतो. म्हणून रुग्ण कोणत्या वाहनाने व किती अंतर जाणार, हे उपक्रम ठरवितानाच विचारावे. शक्य तर मुक्कामाची सोय करावी; ते न जमल्यास बस वा मोटारीने जाण्यास सांगावे; पिकअपवाचून मार्गच नसेल तर केबिनमध्ये बसवून संथ वेगाने न्यावे.

कटिशूल, मन्याशूल किंवा चिवट आध्मान घेऊन येणाऱ्या चालकाचा रुग्णपत्रक भरतानाही चार प्रश्न जोडावेत : गाडी कोणती, तिच्यावर बहुधा भार किती, रोज किती किलोमीटर आणि बैठक कशी? याची उत्तरे मिळाल्यावर अभ्यंग-स्वेदनाबरोबर हवेचा आकडा, शॉकची तपासणी, वेगाची मर्यादा आणि दर दोन तासांनी उतरून थोडे चालणे ही पथ्ये लिहून देता येतील. शेवटचे पथ्य अत्यासनाचाही परिहार करते.

औषधालयाच्या मालकांनी गाडीच्या फिटनेस तपासणीची वाट न पाहता दर तीन महिन्यांनी हवा, शॉक, बुश, यू-बोल्ट व बैठक या पाच गोष्टी तपासून वहीत नोंद ठेवावी. हे त्रैमासिक हाती येण्याचा दिवसच त्यासाठी ठरविला तर विसर पडणार नाही. चालकाच्या कमरेवर आपण वर्षानुवर्षे तेल जिरवीत राहिलो आणि त्याच्या गाडीखाली एकदाही वाकून पाहिले नाही, तर आचार्यांच्या वचनाचे निम्मेच पालन केल्यासारखे होईल. उरलेले निम्मे पालन सुज्ञ वाचकांनी आपापल्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीपासून सुरू करावे, एवढीच नम्र सूचना.